रायडिंग मोअर : बॅटरीचा की पेट्रोलचा?

वाचकांचे प्रश्न

बर्फ वितळू लागले की उत्तर अमेरिकेतील आमच्या वाचकांच्या पत्रांत घरापुढच्या आणि घरामागच्या गवताचा विषय हमखास येतो. या वेळी बसून चालवायच्या मोअरविषयी, म्हणजे गवत कापण्याच्या यंत्राविषयी, इतकी पत्रे आली, की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. प्रारंभी एक खुलासा करतो. अमेरिकेत ज्याला ‘गॅस’ म्हणतात ते आपले पेट्रोल होय. हा अंक भारतातील नातेवाईकही वाचतात, म्हणून येथे सर्वत्र पेट्रोल हाच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही कोलंबसच्या उत्तरेला घर घेतले. प्लॉट पावणेदोन एकरांचा असून जमीन जवळजवळ सपाट आहे. आम्हा दोघांचेही बालपण पुण्यात फ्लॅटमध्ये गेले. कुंडीतल्या तुळशीपलीकडे मातीशी संबंध आला नाही. शेजाऱ्यांकडे सगळीकडे पेट्रोलचे मोअर आहेत. मला बॅटरीचा घ्यावा असे वाटते. माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की बॅटरी मध्येच संपेल आणि काही वर्षांनी नवी घेताना पश्चात्ताप होईल. किमतीतही बराच फरक दिसतो. आम्ही काय करावे?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : आपल्या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु कोणाचे तथ्य अधिक वजनदार, हे ठरवण्याआधी एक मोजणी करावी लागेल. पावणेदोन एकर म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने सत्तर गुंठे. मात्र ही झाली सातबाऱ्यावरची जमीन, कापायचे गवत नव्हे. त्यातून घर, ड्राइव्हवे, झाडांखालचा पालापाचोळ्याचा भाग आणि भाजीचे वाफे वजा करावेत. आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑडिटरच्या संकेतस्थळावर प्लॉटचा नकाशा पाहायला मिळेल. त्याच्या आधाराने, किंवा सरळ लांब टेप घेऊन, उरलेले क्षेत्र काढता येईल. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एवढे लक्षात ठेवले की पुढचे काम सोपे आहे. आपल्याकडे प्रत्यक्ष गवत सव्वा एकराच्या आसपास भरेल असे धरून पुढे लिहितो.

दुसरी गोष्ट वेळेची. मोअरच्या पोटाखाली ज्या पसरट झाकणात पाती फिरतात त्याला डेक म्हणतात आणि त्याच्या रुंदीवर सगळा हिशेब उभा असतो. ४२ इंची डेक म्हणजे साडेतीन फुटांचा पट्टा. ताशी ४ मैल वेगाने यंत्र तासाभरात २१,१२० फूट जाते. म्हणजे कागदावर सुमारे ७४,००० चौरस फूट, अर्थात १.७ एकर गवत कापले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक फेरी आधीच्या पट्ट्यावर थोडी चढवूनच घ्यावी लागते, झाडांभोवती वळसे घालावे लागतात, कुंपणापाशी वेग कमी करावा लागतो. त्यामुळे यातला पाऊण हिस्सा पदरात पडतो असे समजावे. तो होतो साधारण सव्वा एकर. आपले गवत तासाभराचे आहे.

आता बॅटरीकडे येऊ. या मापाच्या यंत्रांत बहुधा ३ ते ५ किलोवॅट-तासांच्या लिथियम बॅटऱ्या असतात. ३ किलोवॅट-तासांची बॅटरी दीड तास चालते असे माहितीपत्रकात लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ सरासरी २ किलोवॅटची ओढ गृहीत धरली आहे. हा आकडा कोरड्या, वेळच्या वेळी कापलेल्या, सपाट जागेवरच्या गवताचा असतो. ओहायोत केंटकी ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यू ही थंड हवेत जोमाने वाढणारी गवते असतात, आणि एप्रिल-मे हा त्यांचा बहराचा काळ असतो. चार दिवस पावसाने घर सोडू दिले नाही की पाचव्या दिवशी गवत दाट, ओले आणि जड झालेले असते. पाते तेच, पण ओढ २ ऐवजी ३ किलोवॅट होते आणि दीड तासाची बॅटरी एका तासात संपते. आपल्या यजमानांची शंका नेमकी याच आठवड्यांत खरी ठरू शकते. शिवाय लिथियम बॅटरीची क्षमता वर्षागणिक थोडी थोडी उतरते. म्हणून माझा आग्रह असा, की गरजेच्या दीडपट क्षमतेचे यंत्र घ्यावे. सव्वा एकर गवतासाठी दोन एकरांची ग्वाही देणारी बॅटरी घेतली, तर मे महिन्यातही आपले काम अडणार नाही आणि पाच-सहा वर्षांनीही ती पुरी पडेल.

पेट्रोल संपले तर कॅन आणून दोन मिनिटांत टाकी भरता येते. बॅटरी संपली तर उरलेले गवत कित्येक तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी कापावे लागते. घरातल्या १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटमधून सतत मिळणारी वीज सुमारे दीड किलोवॅटच्या आतच असते, त्यामुळे चार्जर कितीही चांगला असला तरी या मर्यादेपुढे तो जात नाही. ही या यंत्रांची खरी उणीव आहे आणि ती मान्य करूनच ती घ्यावीत.

किमतीविषयी स्पष्ट लिहितो, कारण याबाबत दुकानांत बरेच गोड बोलले जाते. आपल्या भागात एप्रिल ते ऑक्टोबर असा हंगाम धरला तर २८-३० वेळा गवत कापावे लागेल. तासाला सुमारे पाऊण ते एक गॅलन पेट्रोल, म्हणजे वर्षाला २५ गॅलनच्या आसपास; गॅलनला सव्वातीन डॉलर धरले तर सुमारे ८० डॉलर. बॅटरीसाठी चार्जिंगमधली गळती धरून दर वेळी साडेतीन युनिट, म्हणजे हंगामाला साधारण १०५ युनिट. युनिटला १७ सेंट धरले तर १८ डॉलर. इंधनात वाचले वर्षाला ६० डॉलर. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग स्वतः बदलले तर आणखी तेवढेच वाचतील. दुकानातून करून घेत असाल तर बरेच अधिक. ४२ इंची साधा पेट्रोल मोअर दोन-अडीच हजार डॉलरपासून मिळतो, तर त्याच रुंदीचे बॅटरीचे यंत्र बहुधा चार हजारांच्या पुढे जाते. म्हणजे केवळ बचतीतून हा फरक भरून निघायला दशकाहून अधिक काळ जाईल, आणि तोवर बॅटरी बदलायची वेळ येऊ शकते. ‘पैसे वाचतात’ एवढ्याच कारणासाठी कोणी आपल्याला बॅटरीचा मोअर घ्यायला सांगत असेल, तर त्याला हा हिशेब कागदावर मांडायला सांगावा.

तरीही आपल्या जागेसाठी मी बॅटरीचाच मोअर सुचवतो, आणि त्याची कारणे पैशाबाहेरची आहेत. तुम्हा दोघांनाही इंजिनाचा अनुभव नाही. बॅटरीच्या यंत्रात ऑइल नाही, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर नाही, पहिल्या वसंतात रुसून बसणारे असे त्यात फारसे काही नाही. पात्यांना साधारण २५ तासांच्या वापरानंतर धार लावणे आणि डेकखाली साचलेले ओले गवत खरवडून काढणे ही दोन कामे मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच आहेत. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. गवताची टोके पांढरट पडतात आणि बॅटरीही लवकर उतरते.

दुसरे कारण आवाजाचे. पेट्रोलच्या मोअरवर बसलेल्या माणसाच्या कानाशी ९० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी करते; म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. बॅटरीच्या यंत्राची पातीही घोंगावतातच, त्यामुळे कानाला आच्छादन घ्यावे हे माझे मत कायम आहे. पण शनिवारी सकाळी शेजारच्या घरात बाळ झोपले असेल, तर हा फरक त्या घराला कळतो.

यजमानांच्या बॅटरीविषयीच्या शंकेचे निरसन दुकानदाराकडून लेखी करून घ्यावे. आज नवी बॅटरी घ्यायची झाली तर तिची किंमत काय, ती सुटी विकत मिळते का, आणि बिघाड झाल्यास तंत्रज्ञ घरी येतो की चारशे पौंडांचे धूड ट्रेलरवर चढवून आपणच न्यायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील त्या दुकानातून यंत्र घेऊ नये, मग सवलत कितीही असो. जुने, शिसे-आम्लाच्या बॅटरीचे यंत्र स्वस्तात मिळत असेल तर त्याचाही मोह टाळावा. त्या बॅटऱ्या जड असतात, वारंवार पूर्ण उतरवल्या की लवकर थकतात, आणि यंत्राची स्वस्त किंमत त्या बदलण्यातच निघून जाते. तशी ही कल्पना नवी नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ मध्येच ‘इलेक-ट्रॅक’ नावाचे विजेवर चालणारे बागेचे ट्रॅक्टर बाजारात आणले होते, शिसे-आम्लाच्या ३६ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारे. यंत्र चांगले होते, पण सामान्य गिऱ्हाईक त्याच्याकडे वळले नाही. आज जे शक्य झाले आहे ते लिथियम बॅटरीमुळे.

प्रश्न : आमचा पेट्रोलचा मोअर नऊ वर्षांचा आहे. दर एप्रिलमध्ये तो सुरूच होत नाही. दर वेळी दुरुस्तीवाला कार्ब्युरेटर साफ करतो किंवा बदलतो आणि दोनशे-अडीचशे डॉलर घेतो. या वर्षी त्याने इंजिन ‘संपत आले आहे’ असे सांगून नवे यंत्र घ्या म्हटले. बॅटरीचा घेऊन ही कटकट कायमची मिटवावी का? गवत अर्धा एकर आहे.
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : कटकट मिटवण्याचा आपला हेतू योग्य आहे, पण दोष इंजिनाचा आहे असे आपल्या पत्रावरून वाटत नाही. जे यंत्र एकदा सुरू झाल्यावर ऑक्टोबरपर्यंत विनातक्रार चालते, ते ‘संपत आलेले’ नसते. दोष पेट्रोलच्या साठवणीचा आहे.

पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पेट्रोलमधले हलके घटक महिन्या-दोन महिन्यांत उडून जातात आणि मागे उरलेला चिकट राळेसारखा थर कार्ब्युरेटरची सुईच्या टोकाएवढी छिद्रे बुजवतो. पाच महिने टाकीत तेच पेट्रोल राहिले, तर एप्रिलमध्ये यंत्र सुरू न होणे अटळच आहे. यावर उपाय दहा-बारा डॉलरचा आहे. हंगामाच्या शेवटच्या कापणीला ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारे द्रव, घालून टाकी भरावी आणि इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. इथेनॉलविरहित पेट्रोल जवळ मिळत असेल तर वर्षभर तेच वापरणे अधिक चांगले. १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपावर थोडे स्वस्त दिसते, पण लहान इंजिनात ते वापरण्यास मुळात परवानगीच नाही. ऑइल दर ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा, यांतले जे आधी येईल तेव्हा बदलावे. इंजिनाच्या पंख्याच्या झाकणाखाली हिवाळ्यात उंदीर घरटे करतात. तेही एकदा उघडून पाहावे, कारण हवा कोंडली तर इंजिन तापून खरोखरच खराब होते.

हे सारे एक हिवाळा करून पाहावे. चांगले चालणारे यंत्र केवळ साठवणीच्या चुकीमुळे भंगारात देणे मला पटत नाही. नवे यंत्र आणि त्याची बॅटरी घडवताना जे खनिज, जी वीज आणि जी वाहतूक खर्ची पडते, तीही हिशेबात घ्यायला हवी. ज्या दिवशी इंजिन खरोखर थकेल, म्हणजे ऑइल जाळू लागेल किंवा दाब धरणार नाही, त्या दिवशी बॅटरीचे यंत्र घ्यावे. अर्धा एकर गवताला ३० इंची लहान यंत्रही पुरेसे होईल.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात आमच्याकडे पाच एकर जागा आहे, त्यातले साडेतीन एकर गवत. मागचा भाग ओढ्याकडे उतरत जातो. लांब ड्राइव्हवेवरचा बर्फही आम्हालाच काढावा लागतो आणि शरद ऋतूत लाकडांची ट्रॉली ओढावी लागते. मुले म्हणतात, पर्यावरणासाठी विजेचा घ्या. जागच्या जागी वळणारा झिरो-टर्न प्रकार आम्हाला आवडला आहे.
— एक वाचक, लँकेस्टर परगणा

उत्तर : मुलांचे म्हणणे मनापासूनचे आहे आणि ते ऐकून आनंद झाला. पण या जागेला आज मी पेट्रोलचा लॉन ट्रॅक्टर, म्हणजे स्टिअरिंग असलेला बसून चालवायचा मोअर, सुचवीन. साडेतीन एकर गवत, चढ-उतार, ओढकाम आणि बर्फ ही चारही कामे बॅटरीला सर्वाधिक थकवणारी आहेत, आणि बर्फ काढण्याचे जोड-अवजार बसेल असे बॅटरीचे यंत्र शोधताना आपली निवड फारच मर्यादित होईल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उताराची आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे माझे कर्तव्य समजतो. बसून चालवायचे यंत्र १५ अंशांहून अधिक उतारावर नेऊ नये, असे जवळजवळ प्रत्येक माहितीपुस्तिकेत बजावलेले असते. १५ अंश म्हणजे सुमारे पावणेचार फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ. डोळ्यांना हा उतार किरकोळ वाटतो, म्हणूनच तो घात करतो. एक लांब फळी उतारावर ठेवून तिच्यावर फोनमधील कोन मोजणारे साधन ठेवावे आणि प्रत्येक भागाचा आकडा लिहून घ्यावा. यंत्र उतारावर वर-खाली चालवावे, आडवे चालवू नये. चालत ढकलायच्या मोअरला नियम नेमका उलटा आहे, तो आडवा चालवायचा असतो. दोन्ही यंत्रे घरात असतील तर ही गल्लत होते. ओल्या गवतावर उतारावर जाऊच नये.

आपल्याला आवडलेला झिरो-टर्न सपाट जागेवर उत्तम काम करतो, झाडाभोवती तो जागच्या जागी वळतो. पण त्याची पुढची चाके मोकळी फिरणारी असतात. दिशा आणि थांबणे दोन्ही मागच्या दोन चाकांच्या पकडीवर अवलंबून असते. उतारावर ती पकड सुटली तर यंत्र सरळ खाली, म्हणजे आपल्या बाबतीत ओढ्याकडे, घसरत जाते आणि चालकाच्या हाती काहीही उरत नाही. बॅटरीचा असो की पेट्रोलचा, या दोषात फरक पडत नाही. त्यामुळे आपल्याला स्टिअरिंग असलेला ट्रॅक्टरच हवा. यंत्राला डोक्यामागे संरक्षक कमान असेल तर पट्टा अवश्य बांधावा; कमान नसेल तर बांधू नये, कारण उलटताना बाहेर उडी मारता आली पाहिजे.

ओढ्यालगतचा काही फुटांचा पट्टा कापूच नये असे मी सुचवतो. तेथे उंच गवत आणि स्थानिक झुडपे वाढू दिली तर काठ धुपत नाही, खत पाण्यात वाहून जात नाही आणि सर्वांत धोक्याचा भाग आपोआप यंत्राच्या वाटेतून निघतो. अमेरिकेतील हिरवळीचे एकूण क्षेत्र उपग्रहचित्रांच्या आधारे २००५ मध्ये अंदाजले गेले ते सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक. एवढे गवत दर आठवड्याला कापले जाते, हे आठवले की न कापलेल्या प्रत्येक गुंठ्याचे मोल वाटते. मुलांना पर्यावरणासाठी काही करायचे असेल, तर ओढ्याकाठचा हा पट्टा त्यांच्या हाती सोपवावा.

प्रश्न : मिनेसोटातील आमच्या गॅरेजमध्ये जानेवारीत उणे वीस अंश सेल्सिअस तापमान असते. बॅटरीच्या मोअरला हे सोसेल का?
— एक वाचक, रॉचेस्टर

उत्तर : नुसते पडून राहणे बहुधा सोसेल, चार्जिंग सोसणार नाही. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. चांगल्या बॅटऱ्यांतील नियंत्रक थंडीत चार्जिंग स्वीकारतच नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये. बॅटरी सुटी निघत असेल तर साधारण अर्धी चार्ज करून घराच्या कोरड्या तळघरात ठेवावी. निघत नसेल तर माहितीपुस्तिकेत हिवाळ्यासाठी जे सांगितले असेल तेच करावे, कारण त्यात कंपनीगणिक फरक असतो. पेट्रोलच्या मोअरमधल्या सुरू करण्याच्या शिसे-आम्ल बॅटरीला मात्र उलटा नियम लागू आहे. ती पूर्ण भरलेली ठेवावी, कारण उतरलेल्या बॅटरीतले द्रव कडक थंडीत गोठून तिचे कवच फुटू शकते. वसंतात पहिल्यांदा चार्ज करण्यापूर्वी यंत्र एक-दोन दिवस उबदार हवेत राहू द्यावे.

प्रश्न : कॅलिफोर्नियात पेट्रोलच्या मोअरवर बंदी आली असे ऐकले. माझ्याकडे २०१५ चा आहे. तो वापरणे आता गुन्हा आहे का?
— एक वाचक, सॅक्रामेंटोजवळ

उत्तर : नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यानुसार आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील हवा संसाधन मंडळाने संमत केलेल्या नियमांनुसार, २५ अश्वशक्ती आणि त्याखालची बागकामाची बहुतेक नवी इंजिने २०२४ पासून शून्य उत्सर्जनाची असली पाहिजेत. हे बंधन नव्या यंत्रांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर आहे. आपल्याकडे असलेले यंत्र आपण वापरू शकता. मात्र काही शहरांचे आवाजाविषयीचे आणि पाला उडवणाऱ्या ब्लोअरविषयीचे स्वतंत्र नियम असतात, ते नगरपालिकेकडे विचारून घ्यावेत.

हा कायदा का झाला, तेही सांगतो. त्या मंडळाच्या हिशेबाने सर्वाधिक खपाचा व्यावसायिक लॉन मोअर एक तास चालवला, तर २०१७ ची टोयोटा कॅमरी सुमारे ३०० मैल चालवण्याइतके धुरके निर्माण करणारे प्रदूषण होते. मोटारीला धूर शुद्ध करणारी जी साधने गेल्या पन्नास वर्षांत बसवली गेली, ती या लहान इंजिनांना फारशी बसलीच नाहीत. हा धूर सर्वांत आधी यंत्रावर बसलेल्या माणसाच्या नाकात जातो. सॅक्रामेंटो खोऱ्यात उन्हाळ्यात हवा मुळातच कोंडलेली असते, म्हणून ज्या दिवशी हवेच्या गुणवत्तेचा इशारा असेल त्या दिवशी तरी पेट्रोलचा मोअर काढू नये ही विनंती. पुढचा मोअर घेण्याची वेळ येईल तेव्हा निवड करायचा प्रश्न आपल्यापुढे बहुधा उरणारच नाही.

प्रश्न : माझे सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांनी आयुष्यभर उसाच्या शेतात ट्रॅक्टर चालवला, त्यामुळे इथला रायडिंग मोअर पाहून त्यांना फार आनंद झाला आहे. आम्ही बॅटरीचा घेतला, तो आवाज करत नाही म्हणून ते पाच वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन चालवू म्हणतात. नाही म्हणणे जड जाते. आपले मत कळवावे.
— एक वाचक, कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : सासऱ्यांना मोअर अवश्य चालवू द्यावा. परक्या देशात दिवसभर घरात बसून राहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला हाताला परिचित असे काम मिळणे ही मोठी गोष्ट आहे. नातवाला मात्र मांडीवर, मागे, किंवा यंत्र चालू असताना अंगणातही येऊ देऊ नये. यात एक दिवसाचाही अपवाद करू नये.

आपल्याकडे शेतात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोराला बसवणे नित्याचे आहे, आणि तेही धोक्याचेच आहे; पण ट्रॅक्टरखाली पाती फिरत नसतात. मोअरच्या पात्याचे टोक ताशी सुमारे २०० मैल वेगाने फिरते. सीटवरून मूल घसरले तर ते थेट पात्याच्या तोंडाशी जाते. आणखी एक धोका आहे, जो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या मुलाला एकदा मांडीवर बसवून फिरवले, ते पुढच्या वेळी चालत्या मोअरकडे धावत येते, बहुधा मागून, आणि त्याच क्षणी चालक यंत्र मागे घेत असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था १६ वर्षांखालील मुलांनी रायडिंग मोअर चालवू नये आणि कोणत्याही मुलाला त्यावर प्रवासी म्हणून बसवू नये असे सांगते.

आवाज नाही म्हणून हे यंत्र सुरक्षित, ही समजूत उलटी आहे. पेट्रोलचा मोअर कोपऱ्यापलीकडून ऐकू येतो, त्यामुळे आत खेळणारे मूल आणि स्वयंपाकघरातली आई दोघेही सावध होतात. बॅटरीचे यंत्र जवळ येईपर्यंत लक्षात येत नाही. ते उभे असते तेव्हा तर बंद आहे असेच वाटते, पण किल्ली आत असेल तर बटण ओढताच पाती फिरू लागतात. सीटखालचा स्विच माणूस उठला की पाती थांबवतो आणि मागे घेताना बहुतेक यंत्रांत पाती आपोआप बंद होतात. ही रचना डावलण्याचे जे बटण असते ते सासऱ्यांना दाखवूच नये. डेकखाली अडकलेले गवत काढण्याआधी किल्ली खिशात घ्यावी. यंत्राला बॅटरीचा वीजप्रवाह तोडण्याची वेगळी खुंटी असेल तर तीही काढावी. चप्पल आणि सैल लेंगा न घालता बूट आणि फुल पँट घालावी, आणि कापण्यापूर्वी अंगणात एक फेरी मारून दगड, खेळणी आणि पाण्याचे पाइप उचलावेत. हे काम नातवाला आजोबांबरोबर खुशाल करू द्यावे, कारण तेव्हा यंत्र गॅरेजमध्येच असते.

ही गोष्ट सुनेऐवजी मुलाने वडिलांना सांगावी, आणि पहिली फेरी त्याने स्वतः शेजारी उभे राहून, पाती बंद ठेवून करवून घ्यावी. नातू तेव्हा आईजवळ घरात खिडकीत असावा. काम झाले की किल्ली गॅरेजमध्ये न ठेवता स्वयंपाकघरातल्या उंच कपाटात ठेवावी.